साखरपुड्यात आलेले दोन मासे

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नेमतुल्ला अब्दुरासुलोव्ह यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतलं पाणी पांढरं झालेलं आढळलं. आदल्या संध्याकाळी ते स्वच्छ होतं. टाकीत दोन मासे असायला हवे होते. त्यांपैकी एक दिसत होता.

नेमतने आधी चष्मा पुसला, कारण पन्नाशी ओलांडलेला माणूस पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर घेतो. मग काच पुसली. मग बायकोला हाक मारली.

"मुकद्दस, टाकीत दूध कोणी ओतलं?"

"दूध शिल्लक होतं कुठे?" मुकद्दस स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल तुमच्या बहिणी आल्या होत्या ना नोदिराचं अभिनंदन करायला. सगळं खिरीत गेलं."

दुसरा मासा फिल्टरच्या मागे सापडला. कोपऱ्यात नाक खुपसून, काळवंडून उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. नेमतने काचेवर टिचकी मारली. माशाने त्याच्याकडे पाठ केली.

हे मासे बाजारातून हौसेने आणलेले असते, तर ताश्कंदच्या चिलोनझोर भागातल्या त्या चार मजली इमारतीत पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते आहेरात आलेले होते. नेमतच्या मुलीच्या, नोदिराच्या, साखरपुड्याला दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे दोन नान एकावर एक ठेवून मोडले, तुकडे सगळ्यांना वाटले, दुआ झाली आणि सोयरीक पक्की झाली. मुलाकडून कापडं आली, मिठाईची ताटं आली, नेमतच्या आईला शाल आली. सगळ्यांत शेवटी मुलाचे वडील होशिम-अका छातीशी एक थर्माकोलची पेटी धरून आत आले. त्यांनी ती ज्या हळुवारपणे खाली ठेवली, तितक्या हळुवारपणे स्वतःच्या मुलालाही कधी ठेवलं नसेल.

पेटीत डिस्कस जातीचे दोन मासे होते. बशीएवढे गोल, चपटे, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा आणि चेहऱ्यावर बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याचा भाव. होशिम-अकांचं चष्म्याचं दुकान होतं, पण ते दुकान केवळ माशांचा खर्च भागवण्यासाठी चालवतात असं त्यांच्या बायकोचं, रानो-ओपांचं, म्हणणं होतं.

"लग्नापर्यंत तुमच्याकडे," होशिम-अका म्हणाले. "मग सुनेबरोबर माझ्याकडे परत. मुलगी घर कसं सांभाळेल हे पलाव चाखून कळत नाही, नेमत-अका. पाणी बघून कळतं."

मग त्यांनी पिशवीतून एक तपकिरी, गळका, बुळबुळीत स्पंज काढला. "हा माझ्या फिल्टरमधला. मळलेला दिसतो, पण हा मळ नव्हे. यात जंतू राहतात. मासे पाण्यात जी घाण करतात तिचं विष होतं, ते विष हे जंतू खातात. हा तुमच्या फिल्टरमध्ये घाला. शिवाय गाडीत माझ्या टाकीतल्या पाण्याचे कॅन आहेत."

स्पंजातला एक थेंब जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, बदामांच्या बशीशेजारी पडला. नेमतची आई, जिला घरात सगळे ओयी म्हणत, शाल आवरून मागे सरकली. आणि नेमतने छातीवर हात ठेवून ते वाक्य उच्चारलं, जे त्याला पुढे अनेकांनी अनेक प्रकारे ऐकवलं:

"पाण्याची काळजी तुम्ही करू नका, होशिम-अका. मी पाटबंधारे खात्यात आहे."

हे खरंच होतं. तीन तालुक्यांच्या कापसाला कुठल्या कालव्यातून किती पाणी सुटायचं ते नेमतच्या सहीने ठरे. दिवाणखान्यात त्याचं मानपत्र टांगलेलं होतं, आणि टाकी नेमकी त्याच्याखाली ठेवली होती. ज्याने नदी वळवली त्याला व्याह्याकडून घाणेरडा स्पंज आणि शिळं पाणी घ्यायची वेळ यावी, हे काही शोभण्यासारखं नव्हतं. त्याने कोरा करकरीत फिल्टर आणला, ताजं नळाचं पाणी भरलं, आणि पहिले काही दिवस मासे ऐटीत फिरले. नव्या टाकीत पहिले काही दिवस सगळेच मासे ऐटीत फिरतात, विष साठायला वेळ लागतो, ही माहिती त्याला उशिरा मिळाली.

आता परिस्थिती अशी होती. पुढच्या रविवारी होशिम-अका आणि रानो-ओपा पलाव खायला आणि लग्नाची तारीख ठरवायला येणार होते.

"मासा मेला तर अपशकुन," ओयी चहाचा पियाला फुंकत म्हणाल्या. "आहेरातली जिवंत वस्तू लग्नाआधी मरते म्हणजे काय?"

"मग त्यांनाच परत देतो. त्यांच्याकडे जगतील तरी."

"परत?" ओयींनी पियाला खाली ठेवला. "अरे, आहेर उंबऱ्याबाहेर परत गेला की सोयरीक मोडली! समोरच्या साओदतच्या भाचीचं विसरलास? एक कोट परत गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याने लग्न मोडलं म्हणून सांत्वन करून टाकलं. नंतर कळलं, कोट बाह्या आखूड करायला गेला होता. पण तोवर मुलाकडच्यांना दुसरीकडून बोलावणं आलं होतं."

म्हणजे माशांना मरण्याची मुभा नव्हती आणि परत जाण्याचीही. उरला एकच मार्ग, होशिम-अकांना फोन करून विचारणं. पण पाटबंधारे खात्याचा माणूस चष्मेवाल्याला पाण्याबद्दल विचारतो, हे नेमतच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्याने इतर सगळ्यांना विचारलं.

वरच्या मजल्यावरचे गेन्नादी पेत्रोविच जुने मत्स्यप्रेमी होते. त्यांनी लोणच्याच्या बरणीत गप्पी मासे पाळलेले होते. ते खाली आले, टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हात लावू नकोस," ते अखेर म्हणाले. "पाणी आपोआप निवळतं. लोक हात लावतात तिथेच फसतात. मी एकदा अख्खा हिवाळा हात लावला नव्हता."

"मग?"

"मग निवळलं."

"आणि मासे?"

"मासे नव्हते राहिले. पण पाणी! नेमत, तुला सांगतो, असं पाणी मी पुन्हा पाहिलं नाही."

समोरच्या घरातल्या साओदत-ओपांना कारण लगेच कळलं. साखरपुड्यानंतर अभिनंदनाला येणारी प्रत्येक बाई आधी टाकीपाशी जाऊन 'काय देखणे आहेत!' म्हणत होती. एवढी नजर लागल्यावर पाणी नासणारच. त्या इसिरिकच्या वाळक्या काड्यांची जुडी घेऊन आल्या, तव्यात पेटवली आणि तोंडाने पुटपुटत टाकीभोवती धूर फिरवला. टाकीमागे हवेचा पंप होता. तो आपलं काम प्रामाणिकपणे करत होता. त्याने सगळा धूर ओढून पाण्यात सोडला. दृष्ट उतरली की नाही हे सांगता येत नाही, पण प्रत्येक बुडबुडा फुटताना त्यातून धुराची बारीक वेटोळी निघत होती आणि दिवाणखान्याला दर्ग्याचा वास येत होता. मासा बाहेर आला, त्याने परिस्थितीचं अवलोकन केलं आणि पुन्हा फिल्टरमागे गेला.

मग नेमतने स्वतःच्या अकलेने चालायचं ठरवलं. कालवा गढूळ झाला की खात्यात काय करतात? पाणी सोडून देतात आणि नवं भरतात. त्याने न्हाणीघरातून टाकीपर्यंत पाइप टाकला. सकाळी कचेरीत जाण्याआधी पाणी बदललं, संध्याकाळी आल्यावर बदललं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन फिल्टरमध्ये नुकत्याच जमू लागलेल्या जंतूंना रोज ठार करत होतं, हे त्याला दिसत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की पाणी तासभर स्वच्छ राहतं आणि मग पुन्हा ताकासारखं होतं. पाण्याचं असं वागणं त्याला नोकरीतही कधी अनुभवाला आलं नव्हतं. तिथे ते निदान वरिष्ठांसमोर तरी नीट वाहायचं.

पाइपाला अडखळून ओयी दोनदा पडता पडता वाचल्या. न्हाणीघराचं दार पाइपामुळे लागेना, म्हणून आत असलेल्या माणसाने गाणं म्हणत राहावं असा नियम झाला. आणि पाण्याचा मीटर तपासणारी बाई नेहमीच्या फेरीला आली, ती मीटर पाहून जिन्यातच थांबली.

"घरात गाड्या धुता का?"

"पहिल्या मजल्यावर?" नेमत म्हणाला.

"मग हमाम काढलाय?"

"मासे आहेत."

तिने आत डोकावून पाहिलं. "दोन मासे एवढं पाणी पितात?" ती पाइपाच्या कडेने न्हाणीघरापर्यंत चालत गेली, आत कोणीतरी गात होतं, ती परत आली आणि म्हणाली, "मी लिहून नेते. समिती बघून घेईल."

बाजारातल्या मासेवाल्याने नेमतला एक बाटली आंबटपणा वाढवायला दिली, एक कमी करायला, आणि तिसरी या दोन्ही बाटल्यांचा परिणाम घालवायला. शिवाय तपासणीची पेटी दिली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवट म्हणजे अमोनिया झालाय, गडद हिरवा म्हणजे देवाचं नाव घ्या. नेमतच्या नळीत टरबुजाच्या सालीचा रंग आला. त्याने मुकद्दसला दाखवला. ती म्हणाली, "या रंगाचं कापड नोदिराच्या सासूला द्यायला छान दिसेल."

इथे नेमतच्या हातून एक चूक झाली, आणि ती सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. बाजारातल्या पेटीवर त्याचा विश्वास बसेना. त्याला शिक्का असलेला अहवाल हवा होता. त्याने सोड्याच्या रिकाम्या बाटलीत टाकीचं पाणी भरलं आणि कचेरीतून रजा घेऊन भागातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेला.

"कुठलं पाणी?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"घरातलं."

"नळाचं की विहिरीचं?"

"टाकीचं. माशांच्या."

"टाकी कशाने भरता?"

"नळाने."

"मग नळाचं," बाई म्हणाली. "इथे दोनच रकाने आहेत. पत्ता सांगा."

नेमतला क्षणभर वाटलं, हरकत घ्यावी. पण त्याच्या स्वतःच्या कचेरीतही कालवा आणि पाट असे दोनच रकाने होते आणि ओढ्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना तो स्वतः कालव्यात घालत असे. त्याने पत्ता सांगितला.

अहवाल अपेक्षेपेक्षा लवकर आला, आणि तोही माणसांच्या पायांनी. दुपारी गणवेशातली दोन माणसं इमारतीत आली, तळघरात उतरली, मुख्य नळाची चावी बंद केली, तिला शिशाचं सील ठोकलं आणि जिन्याच्या दारावर कागद चिकटवला: या इमारतीतील पाण्यात अमोनियाचे प्रमाण अत्यंत धोकादायक असल्याने पुढील आदेशापर्यंत पुरवठा बंद. खाली नमुना कुठून घेतला तेही लिहिलं होतं. घर क्रमांक सहा, अब्दुरासुलोव्ह.

नेमत कामावरून परतला तेव्हा अंगणात पाण्याचा टँकर उभा होता आणि अख्खी इमारत बादल्या, कळशा, पातेली घेऊन रांगेत होती. रांग बोलत होती. त्याला पाहून ती सगळी त्याच्याकडे वळली.

"या, या," दुसऱ्या मजल्यावरचा बोतिर म्हणाला. "पाटबंधारे साहेब आले. बांध कसा घातलाय बघा, एक थेंब गळत नाही."

"तीन तालुक्यांना पाणी देतात म्हणे," मागून कोणीतरी म्हणालं. "स्वतःची इमारत लागली की संपलं."

इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्याच्या नावापुढे कोणीतरी माशाचं चित्र लावलं. संध्याकाळी साओदत-ओपा रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"नेमत, बाळा, तुझ्या टाकीतलं थोडं पाणी दे. प्यायला नको, संडासापुरतं."

"ओपा, मासे आहेत त्यात!"

"मासे काढून देईन ना मी."

दरम्यान मुकद्दसही स्वस्थ बसली नव्हती. विहीणबाई येणार, त्या प्रत्येक फटीत बोट फिरवून पाहणार, हे ओळखून तिने घर वरपासून खालपर्यंत धुवायला काढलं होतं. पाणी बंद होण्याच्या आदल्या दिवशी तिने फिल्टरही उघडला. आतला स्पंज जरासा तपकिरी व्हायला लागला होता. तिने तो कपड्यांच्या साबणाने, गरम पाण्यात, दोनदा घासून धुतला आणि पांढराशुभ्र करून परत बसवला. नेमतनेही तिचं कौतुक केलं.

शनिवारी नेमत टाकीसमोर बसला. आता पाणी बदलणं शक्यच नव्हतं, म्हणून पाहत बसण्याशिवाय काम नव्हतं. त्याने माशांना दोन दिवस खायला घातलं नव्हतं. बाजारवाल्याचा सल्ला होता, अन्न कमी तर विष कमी. तरीही नळीतला हिरवा रंग गडदच होत होता. उपाशी मासे एवढी घाण कशाची करतात, हा प्रश्न खात्यातल्या कुठल्याही अहवालात न बसणारा होता.

दुपारी ओयींनी जेवण आटोपलं, दस्तरखानाची चारी टोकं गोळा केली आणि तो झटकायला उठल्या. त्या बाल्कनीकडे गेल्या नाहीत. त्या टाकीपाशी गेल्या, काचेचं झाकण सरकवलं, 'बिस्मिल्ला' म्हणाल्या आणि नानचा सगळा चुरा पाण्यात झटकला.

"ओयी! हे काय?"

"काय म्हणजे? नानचा चुरा. केरात टाकू? पायदळी येऊ देऊ?" ओयी शांतपणे म्हणाल्या. "पूर्वी चिमण्यांना घालत होते. आता घरातच जीव आहेत, तर चार पावलं बाल्कनीपर्यंत कशाला?"

"कधीपासून घालताय?"

"आले त्या दिवसापासून. साखरपुड्याचा नान मोडला त्याचाही चुरा घातला. शुभ असतो."

नेमतने मुकद्दसला बोलावलं. तीही सकाळच्या चहानंतर घालत होती. नोदिरा दवाखान्यातल्या नोकरीवरून येई तेव्हा डब्यातला उरलेला तुकडा घालत होती, पण फारच लहान. अभिनंदनाला आलेल्या पाहुण्यांनी बश्यांतला चुरा कुठे टाकावा असं विचारलं होतं, आणि प्रत्येकीला टाकी दाखवण्यात आली होती. यातलं कोणीही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच पुण्य करतो आहोत.

"घरात एवढी सगळी शहाणी माणसं," नेमतचा आवाज चढला, "आणि कोणाला एवढं कळू नये, की पाण्यात पाव टाकला तर..."

बोलता बोलता त्याला गालिच्यावर नानचा एक कण दिसला. त्याने तो वाकून उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि टाकीत टाकला.

नेमतने आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो जाळी शोधायला गेला.

रविवारी दुपारी होशिम-अका आणि रानो-ओपा आले. टँकरच्या पाण्यावर शिजलेला पलाव परातीत वाफाळत होता. मुकद्दसने टाकीवर नक्षीदार चादर पांघरली होती. 'मासे झोपले आहेत' असं सांगायचं ठरलं होतं. होशिम-अकांनी बूट काढले, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, दुआ मागितली, बसले, आणि चादरीकडे पाहिलं.

"हे काय?"

"झोपलेत," मुकद्दस म्हणाली.

"आत्ता?"

"दमलेत बिचारे," ओयी म्हणाल्या. "पाहुणे फार आले."

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात पाणी तपासणीचा तरुण निरीक्षक उभा होता. नेमतनेच पत्र लिहून त्याला बोलावलं होतं, नमुना माशांच्या टाकीचा होता हे सिद्ध करण्यासाठी. रविवारी येतील असं मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"अब्दुरासुलोव्ह? तुमच्याच घरात का तो अमोनिया?" निरीक्षक दारातूनच खणखणीत म्हणाला आणि कागदावरचा आकडा वाचला.

आकडा ऐकताच होशिम-अका जेवणावरून उठले. त्यांनी चादर ओढली.

पाणी दुधाळ होतं. एक मासा मध्यभागी तोल सावरत होता. दुसरा फिल्टरमागे, काळाठिक्कर. होशिम-अका गुडघ्यांवर बसले. नेमतने आयुष्यात अनेक वरिष्ठांचा राग सोसला होता. पण हे वेगळं होतं, कारण होशिम-अका रागावले नव्हते. त्यांचे डोळे भरले होते.

"मादी आहे ती," ते म्हणाले. "मी हिला अंड्यातून वाढवलंय." मग विचारलं: "फिल्टरमधला स्पंज कुठे आहे?"

"आतच आहे," मुकद्दस अभिमानाने म्हणाली. "मी याच आठवड्यात धुतला. साबणाने. दोनदा."

होशिम-अकांनी डोळे मिटले. त्यांनी जाळी मागितली, तळाशी घातली आणि वर काढली. जाळीत भिजलेल्या नानचा लगदा होता. नेमतने काल जेवढा काढला त्यापेक्षा जास्त. होशिम-अका तो घेऊन उभे राहिले. केराची बादली समोर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, लगद्याकडे पाहिलं, आणि त्यांचीही अडचण झाली. नान तो नानच. शेवटी ते सगळ्यांदेखत बाल्कनीत गेले आणि तो लगदा कठड्यावर, चिमण्यांसाठी, चमच्याने नीट पसरून आले.

निरीक्षक एवढा वेळ न्हाणीघरात होता. तो बाहेर आला.

"मासे आहेत, हे मान्य," तो म्हणाला. "आता नळाचा नमुना घ्यायला हवा. पण नळाला पाणी नाही."

"तुम्हीच बंद केलंय."

"बरोबर. म्हणून नमुना घेता येत नाही."

"मग सुरू करा."

"नमुना चांगला आल्याशिवाय सुरू कसं करणार?"

हे वाक्य नेमत स्वतः शेतकऱ्यांना थोड्याफार फरकाने कैक वर्षं ऐकवत आला होता. टेबलाच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, याची त्याला कल्पना नव्हती. निरीक्षकाने पलाव खाल्ला, तारीफ केली, वरिष्ठांना विचारतो म्हणाला आणि गेला.

"मी यांना आत्ता घरी नेतो," होशिम-अका पेटी शोधत म्हणाले.

"खबरदार!" रानो-ओपा पहिल्यांदाच बोलल्या. "अंगणात अख्खी इमारत टँकरला उभी आहे. त्यांच्यासमोरून आहेर परत न्यायचा? उद्या सकाळी माझ्या मुलाचं लग्न मोडलं म्हणून फोन येतील."

"इथे राहिले तर मरतील, रानो."

"मग तुम्ही इथे राहा."

हे त्या चिडून बोलल्या होत्या. पण होशिम-अकांनी कोट काढला, खिळ्याला टांगला आणि नेमतला म्हणाले, "तुमची हरकत नाही ना?"

पाहुण्याला हरकत आहे असं सांगणारा माणूस त्या शहरात अजून जन्मलेला नाही. नेमतने छातीवर हात ठेवला. होशिम-अकांचा मुलगा, नोदिराचा होणारा नवरा सार्दोर, संध्याकाळी गाडीतून त्यांच्या घरच्या टाकीतल्या पाण्याचे कॅन आणि तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज घेऊन आला. नेमतने स्वतः तो दोन्ही हातांत घेऊन फिल्टरमध्ये बसवला. ओयींनी तोंड फिरवलं, पण मागे सरकल्या नाहीत.

तेव्हापासून होशिम-अका दिवाणखान्यात, टाकीसमोर, घरातल्या सगळ्यांत चांगल्या गाद्यांवर राहतात. व्याही म्हटल्यावर साधं जेवण चालत नाही, म्हणून टँकरच्या पाण्यावर रोज काही ना काही खास शिजतं. सकाळी नोदिरा होणाऱ्या सासऱ्यापुढे छातीवर हात ठेवून वाकते आणि धावत दवाखान्यात जाते. होशिम-अका नळीत थेंब टाकून रंग उजेडात धरतात, आणि नेमतला शेजारी बसून तो रंग मोठ्याने सांगावा लागतो.

"हिरवा."

"कुठला हिरवा?"

"जरा... पोपटी."

"नीट पाहा. चष्मा बदलायला झालाय तुमचा."

काल जिन्यात साओदत-ओपा बादली टेकवून मुकद्दसला म्हणाल्या, "लोकांच्या मुली सासरी जातात, बाई. तुमच्याकडे सासराच नांदायला आला." तासाभरात हे ग्रुपवर होतं. नेमत कचेरीतून येताना आता मागच्या दाराने येतो.

रानो-ओपांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा परत कधी येणार असं विचारलं. दुसऱ्यांदा दुकानाच्या चाव्या कुठे आहेत एवढंच विचारलं. लग्नाच्या तारखेचं काय, असं मुकद्दसने हळूच काढलं, तेव्हा होशिम-अका टाकीवरची नजर न हलवता म्हणाले, "मादी खाईल त्या दिवशी तारीख. त्याआधी मला काही सुचणार नाही."

शेवटची उपलब्ध माहिती अशी. गुरुवार, संध्याकाळ. पाणी निवळलं आहे, नळीतला रंग जवळजवळ पिवळा आहे. इमारतीचा नळ अजून बंद आहे. नर खातो. मादी फिल्टरमागून बाहेर आली, तिचा काळेपणा थोडा उतरला आहे. होशिम-अकांनी चिमट्याने एक बारीक अळी तिच्यासमोर सोडली. दोघे व्याही काचेला नाक लावून बसले. मागे ओयी, मुकद्दस आणि दारात, हातातली पर्स तशीच धरून, नोदिरा. मादी अळीकडे वळली. तिने पाहिलं, तोंड उघडलं, अळी आत गेली आणि लगेच तिने तोंडातून काहीतरी बाहेर फुंकलं.

नेमत म्हणतो, तिने खाल्लं, बाहेर आली ती वाळू होती. होशिम-अका म्हणतात, अळी होती. टाकीच्या तळाशी शोध सुरू आहे.